कपाटातले सहा सूक्ष्मदर्शक: प्रकल्प नोंदी

३० जून, सोमवार

शाळा उघडून जेमतेम आठवडा झालाय. प्रयोगशाळेतलं मागचं लोखंडी कपाट आज उघडलं. कुलपात तेल सोडून, ठोकून, प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या काकाजींनी अर्धा तास घालवला. आत सहा सूक्ष्मदर्शक निघाले, प्रत्येकावर जुन्या वर्तमानपत्राची टोपी. काकाजी म्हणाले, "मॅडम, हे त धा वर्सापासून असेच पडून हायेत. परीक्षा आली का टेबलावर मांडतो अन् परीक्षा झाली का परत ठेवतो."

मला हे नवं नाही. आठवीला पेशीचा धडा येतो, मुलं सूक्ष्मदर्शकाची सुबक आकृती काढतात, नावं देतात, गुण घेतात. पण नळीतून स्वतः पाहिलेलं मूल दहावी संपेपर्यंत माझ्या वर्गात फार थोडं सापडलं. या सत्रात हे बदलायचंच म्हणून आजपासून ही वही.

पहिली तपासणी अशी. पाया, बाहू, नळी सहाही नगांची शाबूत. एकाचा आरसा गायब. तिघांच्या नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, पांढरट जाळी. एकाचं मोठं चाक इतकं सैल की हात सोडला की नळी आपोआप खाली येते. एकाचं ४० पटीचं वस्तुभिंग, म्हणजे स्लाइडकडचं भिंग, धुकट. दोघांनाच स्लाइड ठेवायच्या मंचाखाली उजेड गोळा करणारा कंडेन्सर आहे, उरलेल्या चौघांना नुसती भोकांची फिरती चकती. १०० पटीचं वस्तुभिंग एकालाच.

४ जुलै, शुक्रवार

नागपूरच्या बर्डी बाजारातून लेन्स पेपर, हवेचा रबरी फुगा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पाकिटं आणली. कव्हरस्लिपचे, म्हणजे नमुन्यावर झाकायच्या पातळ काचांचे, दोन डबेही. दुकानदाराने कव्हरस्लिप "कोणतीही चालते" म्हणून दिली, तरी मी डब्यावर जाडी पाहूनच घेतली. ४० पटीचं वस्तुभिंग ०.१७ मिलिमीटर जाडीची काच मध्ये आहे असं धरूनच घडवलेलं असतं. काच फार जाड असली किंवा स्लाइडवर ती नसलीच, तर चित्र कडांना विरघळतं आणि दोष मुलांच्या डोळ्यांवर जातो.

काच पुसण्याआधी फुंकायची, हा पहिला नियम. तोंडाने नाही, फुग्याने. तोंडाच्या वाफेबरोबर थुंकीचे कण जातात. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती तशीच घासली तर भिंगावर ओरखडा कायमचा. फुंकून झालं की लेन्स पेपरचं टोक अल्कोहोलमध्ये किंचित ओलं करायचं आणि मधून बाहेर गोल गोल पुसत जायचं. एक कागद एकदाच. रुमाल, ओढणी, शर्टाची बाही यांपैकी काहीही नाही. हे मी फळ्यावर लिहून ठेवलंय.

नेत्रिकेतली जाळी म्हणजे बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे मधून कडेकडे पसरलेले. नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो, पण जुलै ते सप्टेंबर बंद कपाटात दमट हवा कोंडते आणि बुरशीला तेवढं पुरतं. दोन नेत्रिका स्वच्छ झाल्या. तिसरीच्या काचेवर बुरशीने आपली खूण कोरून ठेवली आहे, ती निघणार नाही. तरी काम चालेल.

७ जुलै, सोमवार

धुकट ४० पटीच्या वस्तुभिंगामागे आज पूर्ण दुपार गेली, पण कारण सापडलं.

आधी डाग नक्की कुठे आहे ते शोधायचं. नळीतून बघत नेत्रिका बोटांनी फिरवायची: डाग बरोबर फिरला तर तो नेत्रिकेत. स्लाइड सरकवायची: डाग सरकला तर स्लाइडवर. दोन्ही वेळा जागचा हलला नाही आणि वस्तुभिंग बदलल्यावर नाहीसा झाला, तर तो त्या वस्तुभिंगावर. आमचं प्रकरण तिसरं निघालं.

मग नेत्रिका काढली, उलटी करून डोळ्याशी धरली आणि वस्तुभिंगाचं टोक तिच्यासमोर आणलं. उलटी नेत्रिका म्हणजे हाताशी असलेलं उत्तम भिंग. टोकाच्या मुगाएवढ्या काचेवर पिवळसर, वाळलेला थर, मधात बोट बुडवून पुसल्यासारखा. ते १०० पटीसाठी वापरायचं तेल होतं. तेलाच्या थेंबात १०० पटीचं भिंग बुडवून पाहायचं आणि नंतर स्लाइड तशीच ठेवून वस्तुभिंगांची चकती मागे फिरवायची, म्हणजे ४० पटीचं टोक त्याच तेलातून फरफटत जातं. हे कधीतरी घडलं आणि कुणी पुसलं नाही. वर्षांनुवर्षं मुलं "काही दिसत नाही" म्हणत राहिली असतील, आणि कारण होतं हा एवढासा थर.

थोडं अल्कोहोल आणि आठ-नऊ कागद लागले. शेवटी काच चमकली. मला खरंच आनंद झाला.

१० जुलै, गुरुवार

सैल चाक घट्ट केलं. चाकाच्या दोन्ही बाजू हातात धरून उलट दिशांना हलकं पिळलं की ताण वाढतो, निदान आमच्या या नगाला तरी. जुनं ग्रीस वाळून राळेसारखं झालं होतं. काकाजींनी काडीने खरवडून काढलं आणि नवं अगदी पातळ लावलं. आरसा नसलेल्या नगाला तूर्त एलइडीचा छोटा दिवा, त्यावर ट्रेसिंग पेपर.

१२ जुलै, शनिवार

पहिलं सत्र. आठवी-नववीची अठरा मुलं, एका यंत्रामागे तिघं.

सुरुवात पेशीने करायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. ज्याला काय दिसायला हवं हे ठाऊक नाही, तो समोर आलेला हवेचा बुडबुडाही पेशी म्हणून काढतो. म्हणून वर्तमानपत्रातलं बारीक टायपाचं एक अक्षर कापून घेतलं, स्लाइडवर सरळ ठेवलं, पाण्याचा थेंब, वर कव्हरस्लिप.

यंत्र उचलण्यापासून शिकवलं. एक हात बाहूला, दुसरा पायाखाली. टेबलाच्या कडेपासून वीतभर आत ठेवायचं. सर्वांत लहान वस्तुभिंग, म्हणजे ४ पटीचं, टकदिशी जागेवर बसेपर्यंत फिरवायचं. मग डोळा नेत्रिकेला लावायचा नाही. बाजूने बघत मोठ्या चाकाने नळी खाली आणायची, स्लाइडपासून थोडी वर थांबवायची. आता डोळा लावायचा आणि चाक फक्त वरच्या दिशेने फिरवायचं. फोकस नेहमी दूर जाताना शोधायचा. खाली येताना शोधला तर कधी ना कधी काच फुटते. मी बीएस्सीला असताना माझ्याच हातून एक कायमस्वरूपी स्लाइड अशी तडकली होती. तो आवाज अजून आठवतो. मुलांना तेही सांगितलं.

पहिल्या पाच मिनिटांत वर्गभर एकच वाक्य: "मॅडम, काईच नाई दिसून रायलं." मग एका कोपऱ्यातून ओरड आली: "मॅडम, शिरोरेषा खाली गेली!"

ती मुलगी 'ग' बघत होती. अक्षर १८० अंशांत फिरलेलं, शिरोरेषा तळाला आणि उभा दंड डावीकडे. देवनागरीत हे फार छान कळतं, कारण शिरोरेषेची जागा प्रत्येक मुलाच्या हाताला माहीत असते. तिला स्लाइड उजवीकडे सरकवायला सांगितली. अक्षर डावीकडे पळालं. दोन-तीनदा करून ती स्वतःच म्हणाली, "म्हणजे जिकडं न्यायचं त्याच्या उलटं सरकवायचं." इतका वेळ ज्या तिघांनी 'अक्षर हरवलं' म्हणून हात टेकले होते, त्यांना तिनेच शिकवलं.

अक्षर ४ पटीत मावलं. शाईच्या कडा फाटलेल्या, कागदाचे तंतू विस्कटलेले. पुढे एकाने रंगीत फोटोचा तुकडा लावला आणि चेहऱ्याचे निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके झाले.

१९ जुलै, शनिवार

आज पूर्ण वेळ उजेडाला दिला, आणि दिला ते बरं झालं. भिंगांबद्दल सगळे बोलतात, आरशाकडे आणि उजेडाचं भोक लहानमोठं करणाऱ्या झडपेकडे कुणी बघत नाही. माझं मत पक्कं होत चाललंय: आमच्याकडच्या "काही दिसत नाही" यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ मंचाखाली आहे.

आरशाला दोन बाजू. एक सपाट, एक खोलगट. कंडेन्सर असेल तर सपाट, कारण किरण गोळा करायचं काम कंडेन्सर करतो. नसेल तर खोलगट, म्हणजे आरसाच किरण वस्तूवर आणून सोडतो. आमच्या कंडेन्सर नसलेल्यांपैकी तिघांचे आरसे सपाट बाजूवर होते. उलटवले आणि वर्तुळ उजळलं.

बाहेर ढगाळ होतं. मुलांना वाटलं आज जमणार नाही. उलट पांढरं ढगाळ आभाळ म्हणजे सगळीकडून सारखा, मऊ उजेड. उन्हाकडे आरसा कधीच वळवायचा नाही. एकवटलेलं ऊन थेट डोळ्यात जातं आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. हे मी तीनदा म्हटलं आणि प्रत्येकाकडून वदवून घेतलं.

कंडेन्सरवाल्या नगाशी बसलेल्या मुलाने विचारलं, "मॅडम, यात उभ्या काळ्या दांड्या कुठून आल्या?" मी पाहिलं. खिडकीचे गज! कंडेन्सर खिडकीचीच प्रतिमा स्लाइडवर आणून टाकत होता. कंडेन्सर जरासा खाली घेतला, गज विरले. मग वर-खाली करत गज आणायचे आणि घालवायचे, हा खेळच झाला. कंडेन्सर काय करतो ते समजावायला मी एक तास बोलले असते तरी इतकं कळलं नसतं.

झडपेसाठी नेत्रिका काढून रिकाम्या नळीत डोकवायला सांगितलं. खोलवर वस्तुभिंगाच्या मागचं उजळ वर्तुळ दिसतं. झडप बंद करत नेली की ते लहान होतं. साधारण दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश उजळ ठेवायचं आणि नेत्रिका परत लावायची. पूर्ण उघडी ठेवली तर पारदर्शक पेशी उजेडात वाहून जाते. फार बंद केली तर प्रत्येक कडेला काळी झालर येते आणि बारकावे बुडतात. वस्तुभिंग बदललं की हे परत करायचं. उजेड कमीजास्त करायला झडप वापरायची नाही, त्यासाठी आरसा वळवायचा किंवा दिवा मंद करायचा.

२३ जुलै, बुधवार

मधल्या सुट्टीत एकाने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. "मॅडम, हा २००० पटवाला आहे, घेऊ का?"

मी त्याला वस्तुभिंगावरचे आकडे वाचायला सांगितले. ४० च्या शेजारी ०.६५ लिहिलंय. ते भिंग किती रुंद कोनातून उजेड झेलतं याचं माप. नेत्रिका १० पट, वस्तुभिंग ४० पट, म्हणून ४०० पट, हे त्याला येत होतं. पण दोन ठिपके वेगळे दिसणार की नाहीत हे पटीवर नाही, त्या ०.६५ वर ठरतं. जर्मनीच्या अर्न्स्ट अॅबे यांनी १८७३ मध्ये हे मांडलं: प्रकाशाची तरंगलांबी भागिले त्या मापाची दुप्पट. हिरव्या उजेडाला ५५० नॅनोमीटर धरले तर आमच्या भिंगाला साधारण ०.४२ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळचे ठिपके वेगळे दिसत नाहीत. पुढे कितीही पट वाढवा, धुकं मोठं होतं. १०० पटीला तेल लागतं तेही याचसाठी. काच आणि भिंग यांच्यामधली हवेची जागा तेलाने भरली की वाकून बाहेर जाणारे किरण भिंगात येतात आणि ते माप १.२५ पर्यंत जातं.

तो म्हणाला, "मग आकडा पाहूनच घेईन." एवढं पुरे.

२६ जुलै, शनिवार

कांदा. आतल्या जाड पाकळीच्या खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने काढायचा आणि लगेच पाण्यात, नाहीतर तो गुंडाळला जातो. आयोडीनचा एक थेंब. कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू निजवायची. तरी बुडबुडे आलेच, जाड काळ्या कडेचे, अगदी गोल. दोन वह्यांत ते "पेशी" म्हणून रेखाटले गेले होते. मी खोडायला लावलं नाही. शेजारी खरी पेशी काढून दोन्हींना नावं द्यायला लावली.

३० जुलै, बुधवार

लहान चाकासाठी केसांचा प्रयोग. एका मुलीने आजीचा पांढरा केस आणला आणि आपला काळा. स्लाइडवर एकमेकांवर फुली करून ठेवले. १० पटीवर दोन्ही बऱ्यापैकी दिसले. ४० पटीवर एक धारदार, दुसरा पुसट. लहान चाक अगदी थोडं फिरवलं की उलट. वर कोणता, हे चाकाच्या दिशेवरून ओळखायचं. ४० पटीवर मोठ्या चाकाला हात लावायचा नाही, हा नियम आता सांगावा लागत नाही. भिंगाचं टोक आणि काच यांत तेव्हा मिलिमीटरभरही जागा नसते.

२ ऑगस्ट, शनिवार

मोजमाप. पारदर्शक पट्टी मंचावर ठेवून ४ पटीत पाहिलं. वर्तुळाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साडेचार मिलिमीटर. मग हिशेब सोपा: १० पटीला १.८, ४० पटीला ०.४५ मिलिमीटर. कांद्याच्या सहा पेशी १० पटीच्या वर्तुळात लांबीने ओळीत बसल्या, म्हणजे एक पेशी ०.३ मिलिमीटर. "म्हणजे पट्टीवरच्या एका घरात तीन पेशी!" असं म्हणून एकाने नुसत्या डोळ्यांनी पट्टी किती तरी वेळ न्याहाळली.

१३ ऑगस्ट, बुधवार

कापूस. विदर्भातल्या मुलांना कापूस दाखवायचा म्हणजे काय, घराघरात वाती होतात. एकीने आजीच्या वातीच्या डब्यातलाच आणला. मी शर्टाच्या टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचा, धागा उसवून घेतला.

पाण्याच्या थेंबात दोन-चार तंतू पिंजून ठेवले. पॉलिएस्टरचा तंतू काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत, सरळ. कापसाचा मात्र चपटा, ओल्या फितीला पीळ देऊन सोडल्यासारखा, ठिकठिकाणी वळलेला. हा पीळ असतो म्हणूनच तंतू एकमेकांना धरतात आणि सूत निघतं.

मग खरी गोष्ट सांगितली: हा पूर्ण तंतू म्हणजे एकच पेशी आहे. फूल उमलतं त्या सुमारास कोवळ्या बीच्या सालीवरच्या एकेका पेशीला अंकुरासारखा फुगवटा येतो आणि ती लांबत जाते, अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत. जाडी मात्र पंधरा-वीस मायक्रॉनच. बोंड उकललं की आतला ओलावा सुकतो, पोकळ नळी बसते आणि पिळते. वाती आणणाऱ्या मुलीने विचारलं, "मग आजी पेश्याच वळते?" हो. शब्दशः तेच.

त्यांना हेही सांगितलं की ज्याने पहिल्यांदा पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले तो लेव्हेनहुक हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी होता, आणि १६७४ मध्ये तळ्याच्या पाण्यात त्याने जे पाहिलं ते एकाच इवल्या भिंगातून. आणि आपल्याच वर्धा रोडवर १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

तान्हा पोळा झाला. एकाने पोळ्याच्या चाऱ्यातली मूठभर तनस आणली. ती उकळून गार केली आणि बरणीत टाकली, वर फुटाळा तलावाच्या काठाचं पाणी, दगडावरचं थोडं शेवाळ खरवडून. झाकण सैल ठेवलं. बरणी खिडकीत, पण उन्हात नाही. तळ्याकाठी मी स्वतः गेले होते, मुलांना नेलं नाही. पावसाने दगड निसरडे आहेत.

१ सप्टेंबर, सोमवार

बरणीच्या पाण्यावर पातळ साय धरली आहे आणि वास उग्र. सायीखालून ड्रॉपरने थेंब घेतला. ४ पटीत पांढरे ठिपके धावताना दिसले. १० पटीवर घेतले तर वर्तुळातून सर्रकन पार. मुलं चाकं फिरवून आणि स्लाइड सरकवून थकली. "मॅडम, थांबतच नाई हे."

मग वातीचा कापूस परत काढला. चार तंतू पिंजून स्लाइडवर पसरले, त्यावर थेंब, त्यावर कव्हरस्लिप. तंतूंचं कुंपण झालं आणि पॅरामेशियम, म्हणजे तो धावणारा एकपेशीय जीव, त्यात अडकला. चपलेच्या तळव्यासारखं. पुढे जातं, तंतूला आपटतं, मागे येतं, किंचित वळतं, पुन्हा पुढे. झडप थोडी बंद केल्यावर कडेने केसाळ झालर थरथरताना दिसली. ४० पटीवर आत एक पोकळी हळूहळू फुगली, मिटली, पुन्हा फुगली. आत आलेलं जास्तीचं पाणी ती बाहेर टाकते.

ती मुलगी, शिरोरेषेवाली, डोळा न हलवता मोजत होती. बोटं टेबलावर आपटत: "एक... दोन..." बाकीचे दोघं रांगेत होते, पण कुणी तिला उठवलं नाही. तास संपल्याची घंटा झाली. काकाजी दारातून आत आले, म्हणाले, "मले बी पाहू द्या न बाई." तिने जागा दिली आणि त्यांना सांगितलं, "काकाजी, डावा डोळा मिटू नका. दोन्ही उघडे ठेवा, थकत नाही." काकाजी वाकले, बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "हे जितं हाय."

६ सप्टेंबर, शनिवार

पॅरामेशियमची लांबी तिच्या वहीत: १० पटीच्या वर्तुळात ओळीने नऊ बसतील, म्हणून ०.२ मिलिमीटर. आकृती स्वच्छ आहे, नावं चारच, जेवढी दिसली तेवढीच.

कपाटातलं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालंय. काकाजींनी कढईत मंद आचेवर परत निळं केलं. वर्तमानपत्राच्या टोप्या गेल्या, कापडी पिशव्या शिवून घेतल्या. ठेवताना ४ पटीचं वस्तुभिंग खाली, मंच पुसलेला, आरसा उभा.

आरशाविना असलेल्या नगाला अजून आरसा मिळालेला नाही. पुढच्या शनिवारी अंबाझरी तलावाचं पाणी.